कॉलेज बघायला सकाळी साडेसहाला जा

(तालुक्यातील एका क्रीडाशिक्षकाच्या स्मरणार्थ चालणाऱ्या व्याख्यानमालेतील व्याख्यान)



आपल्याकडे व्याख्यानमाला संतांच्या, पुढाऱ्यांच्या, साहित्यिकांच्या नावाने चालतात. गळ्यात शिट्टी अडकवून आयुष्य काढलेल्या माणसाच्या नावाने चालणारी ही विरळाच. तेव्हा मी आज एका निव्वळ व्यवहाराच्या गोष्टीवर बोलणार आहे. बारावीचा निकाल लागला की माझ्या ओट्यावर पालक येऊन बसतात. मी कॉलेजात फिजिकल डायरेक्टर होतो. आता निवृत्त आहे, पण तालुक्यात माणूस एकदा सर झाला की मरेपर्यंत सरच. चहा येईपर्यंत पाऊसपाण्याच्या गोष्टी होतात आणि मग ठरलेला प्रश्न येतो : "सर, पोरगं कबड्डी बरी खेळतंय. पुण्याला टाकावं का?"

या प्रश्नाला मी लगेच उत्तर देत नाही. आधी विचारतो, पुण्याला कुणाकडे? बाप कॉलेजचं नाव सांगतो. मी पुन्हा विचारतो, कॉलेज कळलं, पण कुणाकडे? इथे बहुतेकांची गाडी अडते. माझं सगळं म्हणणं या 'कुणाकडे'त आहे, पण तिथे जायच्या आधी थोडी माहिती सांगायला हवी, कारण ती पालकांना नसते आणि दुर्दैवाने पुष्कळ प्राध्यापकांनाही नसते.

नगर, पुणे आणि नाशिक या तीन जिल्ह्यांतली संलग्न कॉलेजं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची. कर्जतचं दादा पाटील महाविद्यालय, अकोल्याचं अगस्ती, श्रीरामपूरचं बोरावके, संगमनेर, कोपरगाव, नगरचं 1947 साली डॉ. हिवाळे यांनी काढलेलं अहमदनगर कॉलेज आणि पुण्याचं फर्ग्युसन, ही सगळी खेळाच्या बाबतीत एकाच शिडीच्या पायथ्याशी उभी असतात. पहिली पायरी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची, आणि ती आपापल्या विभागात होते. पुणे शहर, पुणे ग्रामीण, नगर, नाशिक असे विभाग. त्यातून विभागाचा संघ निघतो. हे विभाग एकमेकांशी खेळतात, त्याला आपण इंटरझोनल म्हणतो, आणि तिथून विद्यापीठाचा संघ निवडला जातो. सांघिक खेळात तो संघ पश्चिम विभागात गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेशातल्या विद्यापीठांशी भिडतो आणि तिथे वर आला तर ऑल इंडियाला जातो. त्याच्या वर 2020 पासून खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा आहेत आणि सगळ्यांत वर जागतिक विद्यापीठ स्पर्धा.

आता बघा. अकोल्यातल्या डोंगरावरून पळत कॉलेजला येणारी पोरगी आणि डेक्कनवर खोली घेऊन राहणारी पोरगी, दोघींच्या अंगावर शेवटी जर्सी एकाच विद्यापीठाची चढते. तिच्यावर कॉलेजचं नाव नसतं. 2017 साली तैपेईच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये रौप्यपदक मिळवणारी संजीवनी जाधव याच विद्यापीठाची, आणि ती घडली नाशकात, विजेंदर सिंग यांच्या हाताखाली. त्यांच्याच हाताखाली तिच्याआधी सावरपाड्याची कविता राऊत घडली होती. पुण्याचा त्यात काही वाटा नव्हता.

माझा भाचा अमेरिकेत, न्यू जर्सीत आहे. त्याची मुलगी पोहते. तिच्यासाठी कॉलेज शोधताना त्याने मला तिकडची रचना समजावून सांगितली. तिथे कॉलेजांच्या खेळाचे तीन थर. तिसरा थर छोट्या कॉलेजांचा आणि सगळ्यांत मोठा, चारशेच्या वर कॉलेजं त्यात. तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही, असा नियमच आहे. तरीही पोरं आवडीने जातात, कारण चारही वर्षं पाण्यात उतरायला मिळतं आणि अभ्यासही होतो. मला त्यातला फरक महत्त्वाचा वाटला. तिथे कॉलेज हाच शेवटचा संघ आहे. छोटं कॉलेज निवडलं की छोटा थर निवडला. आपल्याकडे कॉलेज ही फक्त पहिली पायरी. म्हणजे छोटं कॉलेज निवडल्याची जी किंमत अमेरिकन पोराला मोजावी लागते, ती आपल्या पोराला मोजावी लागतच नाही. इंग्रजांनी आपल्या डोक्यावर ठेवलेल्या संलग्नतेच्या पद्धतीला आपण एरवी शिव्या देतो. गरीब खेळाडूला मात्र तिने हा एक फायदा फुकटात करून दिला आहे आणि आपण तो घेत नाही.

उलट काय करतो? पोराला उचलून पुण्यात टाकतो. कबड्डीच्या संघात बारा जण आणि मैदानात सात. पुण्याच्या मोठ्या कॉलेजात हे बारा जण राज्यभरातून वेचून आणलेले असतात. आपलं पोरगं तेरावं, चौदावं. सरावाला जातं, चटया अंथरतं, दुसऱ्यांच्या चढाया बघतं. पहिलं वर्ष असं जातं, दुसऱ्या वर्षी गुडघा दुखावतो, तिसऱ्या वर्षी ते जिमखान्याकडे फिरकत नाही. घरी होतं तेव्हा गोठ्यातलं दूध होतं, अंडी होती, आई होती. तिथे मेसचा डबा, त्यात पातळ वरण आणि तीन चपात्या. वजनाचा खेळ असेल तर हा हिशेब आणखी वाईट. हेच पोरगं तालुक्याच्या कॉलेजात राहिलं असतं तर पहिल्या वर्षीच सातात असतं. तीन वर्षं प्रत्येक सामना पूर्ण वेळ खेळलं असतं, हरलं असतं, जिंकलं असतं, शेवटच्या दोन मिनिटांत चढाई कुणी करायची याची जबाबदारी त्याच्या अंगावर पडली असती. बाकावर बसून खेळाडू घडल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

कुणी म्हणेल, पण तिकडे बघणारे असतात, नाव होतं. अहो, कबड्डीत आज कॉलेजच्या नावावर कुणी बोली लावत नाही. पुणेरी पलटणने प्रो कबड्डीचा दहावा हंगाम जिंकला तेव्हा कर्णधार होता अस्लम इनामदार, आपल्या नगर जिल्ह्यातला पोरगा. हांगझोच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय संघातही तो होता. बघणारे हल्ली गावापर्यंत येतात. त्यांना दाखवायला सामने हवेत, पत्ता नको.

आता 'कुणाकडे' या प्रश्नाकडे येतो. यासाठी मला नगरच्या बाहेर, कोल्हापुरात जावं लागेल. गोळेश्वरचे खाशाबा जाधव राजाराम कॉलेजात होते. अंगाने लहानखुरे. कॉलेजच्या कुस्ती स्पर्धेत त्यांना उतरू द्यायलाच तिथल्या क्रीडाशिक्षकाची तयारी नव्हती, असं सांगतात. प्राचार्यांकडे गेल्यावर परवानगी मिळाली. 1948 ला लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. 1952 ला हेलसिंकीला जायचं तर पैसे नव्हते. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळातलं पहिलं ऑलिंपिक पदक त्यातून मिळालं. ही गोष्ट आपण दरवर्षी भाषणांत सांगतो आणि टाळ्या घेतो, पण ती पूर्ण ऐकत नाही. एकाच कॉलेजात दोन माणसं होती. एकाने छाती बघून पोराला बाजूला काढलं, दुसऱ्याने घर गहाण टाकलं. कॉलेज तेच, इमारत तीच, ग्रंथालय तेच. पालकाने निवडायचं असतं ते या दोघांपैकी कोण आपल्या पोराच्या वाट्याला येणार आहे ते. आणि छोट्या कॉलेजचा खरा फायदा हा की तिथे हे प्रवेशाच्या आधी बघता येतं. पाच-सहा हजारांच्या कॉलेजात प्राचार्यांच्या केबिनपर्यंत पोचायलाच सहामाही उलटते. तालुक्याच्या कॉलेजात प्राचार्य दूध आणायला जाताना भेटतात.

छोटं ते सगळं चांगलं असं मात्र कुणी समजू नये. छोट्या कॉलेजांचा एक रोग मी आतून बघितलेला आहे. कागदावरचा खेळाडू. आपल्या भागात यात्रेचे हगामे होतात. रेवड्यांवरच्या कुस्त्यांपासून सुरुवात करून पोरगं इनामाच्या कुस्तीपर्यंत येतं, मग तालमीला पुण्या-कोल्हापूरला जातं. तिथेच राहतं, तिथेच खुराक, तिथेच सराव. हे योग्यच आहे. मल्लाला वस्ताद हवा आणि जोडीला तोडीची पोरं हवीत. पण त्याचं नाव मात्र एखाद्या कॉलेजच्या हजेरीपटावर असतं. त्या कॉलेजला विद्यापीठाचं पदक हवं असतं. फी संस्था भरते, पोरगं वर्षातून दोनदा येतं, एकदा वजन द्यायला आणि एकदा परीक्षेला. परीक्षेलाही येतंच असं नाही. दोन्हीकडची मंडळी खूश. अहवालात फोटो छापून येतो. 75 टक्के हजेरीचा नियम त्या काळापुरता झोपलेला असतो. विद्यापीठांच्या पातळीवरही हेच चालतं. खेळात अव्वल ठरणाऱ्या विद्यापीठाला मिळणाऱ्या मौलाना आझाद करंडकाच्या गुणांसाठी देशभर खेळाडूंची जमवाजमव होते. पोरगं पंचविशीचं झालं की आंतरविद्यापीठ स्पर्धेची वयोमर्यादा संपते आणि कॉलेजला त्याची ओळख राहत नाही. हातात काय उरतं? पाच विषय राहिलेली गुणपत्रिका. 2025 च्या फेब्रुवारीत नगरला वाडिया पार्कवर महाराष्ट्र केसरीची अंतिम लढत झाली, पृथ्वीराज मोहोळने गदा जिंकली. लाखोंच्या तोंडी त्याचं नाव आलं. मी गर्दीत बसून पहिल्या फेऱ्यांत हरून गेलेल्या पोरांकडे बघत होतो. त्यातल्या किती जणांची पदवी पुरी होणार, हा विचार मनातून जात नव्हता.

पदवीचं एवढं कौतुक कशाला, असं तरुण पोरं विचारतात. व्यवहार सांगतो. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के जागा आहेत. त्याखेरीज मोठं पदक मिळवणाऱ्यांना थेट नेमणूकही मिळते. ललिता बाबर उपजिल्हाधिकारी झाली. विजय चौधरी, राहुल आवारे पोलीस उपअधीक्षक झाले. वरच्या वर्गाच्या पदाला पदवी लागते. पदक असून पदवी नसलेला खेळाडू शिपायाच्या जागेसाठी रांगेत उभा असलेला मी पाहिला आहे, आणि त्याच्याहून कमी पदकं असलेला, पण तिसऱ्या वर्षाचा पेपर सोडवून मगच शिबिराला गेलेला, त्याच्या वर अधिकारी झालेलाही पाहिला आहे. छोट्या कॉलेजात हे जमण्याची शक्यता जास्त असते, कारण शिबिर आणि परीक्षा एकाच आठवड्यात आली तर परीक्षा विभागाच्या खिडकीत बसलेल्या क्लार्कला डायरेक्टर नावाने ओळखतो. हसू नका. ग्रामीण महाराष्ट्रात अर्ध्या पदव्या या ओळखीवर पुऱ्या होतात.

काही पोरांना मात्र इथून जायलाच हवं, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगतो. झहीर खान श्रीरामपूरचा. शाळा इथली, पुढे इंजिनिअरिंगला प्रवेश घेतलेला. सतराव्या वर्षी वडील त्याला मुंबईला घेऊन गेले. नॅशनल क्रिकेट क्लब, सुधीर नाईक यांच्यासारखा जाणता, मग चेन्नईची एमआरएफ अकादमी, मग बडोद्याचा संघ, आणि 2000 साली भारताची कॅप. पुढे कसोटीत 311 बळी. वेगवान गोलंदाजाला रोज चांगल्या फलंदाजाला गोलंदाजी करायला मिळावी लागते. तो फलंदाज श्रीरामपुरात नव्हता. कॉलेज चांगलं असतं तरी नव्हता. अजिंक्य रहाणेचा जन्म आश्वी खुर्दचा म्हणून आपण फलक लावतो, पण त्याचं क्रिकेट डोंबिवली-मुंबईत झालं. नेमबाजी घ्या, पोहणं घ्या, सायकलिंगचा ट्रॅक घ्या. ज्या खेळाला महागडी साधनं लागतात तिथे तालुक्याचा अभिमान धरून बसणं म्हणजे पोराचं नुकसान. कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे क्रीडा प्रबोधिनीत गेला म्हणून 2024 ला पॅरिस ऑलिंपिकचं कांस्य दिसलं. तो काही कॉलेज निवडून तिथे पोचला नव्हता, शाळकरी वयातच निवडला गेला होता. ज्याला जायचंय त्याने अठराव्या वर्षी नाही, त्याच्या आधीच जायला हवं. हाही एक मुद्दा पालकांच्या ध्यानात येत नाही. बारावीनंतर पुण्याला जाणारं पोरगं बहुधा मधल्या मध्ये अडकतं : फार लवकर गेलं असं नाही आणि वेळेवर गेलं असंही नाही.

लांब पल्ल्याचं धावणं मात्र अगदी उलट. आपल्या शिवेला लागून आष्टी तालुका, तिथल्या मांडव्याचा अविनाश साबळे. बारावीनंतर कॉलेज नाही, थेट फौज. 5 महार रेजिमेंट, सियाचिन. धावपटू म्हणून त्याची सुरुवातच फौजेत, विशीनंतर झाली. 2022 ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 3000 मीटर स्टीपलचेसचं रौप्य, 2023 ला आशियाई सुवर्ण. मुद्दा असा की या खेळात अठरा ते एकवीस ही वर्षं शर्यत जिंकण्याची नसून पाय आणि छाती तयार करण्याची असतात, आणि ती तयारी पारनेरच्या माळावरही होते. आपल्या नगरात तर रणगाडा दलाचं आणि यांत्रिकी पायदळाचं अशी दोन मोठी लष्करी केंद्रं आहेत. भरतीच्या मैदानावर सोळाशे मीटरला पहिली येणारी पोरं कोणत्या कॉलेजची आहेत हे तिथे कुणी विचारत नाही.

मुलींचं गणित वेगळं आहे आणि त्यावर कुणी बोलत नाही, म्हणून मी थोडा वेळ घेतो. या जिल्ह्याला आता अहिल्यादेवींचं नाव आहे. त्यांच्याच नावाच्या योजनेत मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट मिळतो. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला तो संपतो. सवलतीचा पास मिळतो, पण पैसे मोजावे लागतात, आणि पैशांपेक्षा मोठा प्रश्न वेळेचा. गावाकडे जाणारी शेवटची गाडी सहाला असेल तर मुलीचा सराव साडेपाचला संपलाच पाहिजे. डिसेंबरात तर सहाला अंधार. तास दुपारी दोनपर्यंत. म्हणजे सरावाला उरले साडेतीन तास, तेही उन्हातले. ज्या कॉलेजने मुलींचे तास सकाळी लवकर लावून दिले, किंवा सरांच्या गाडीतून स्टँडपर्यंत सोडायची सोय केली, तिथल्या मुली खेळल्या. बाकीच्यांची नावं फक्त संघाच्या यादीत राहिली. जामखेड-कर्जत-श्रीगोंद्याच्या बाजूला मुली कुस्तीत उतरल्या त्या एखाद्या आखाड्याच्या जोरावर आणि बापाच्या मोटारसायकलवर. मुलीसाठी कॉलेज निवडताना म्हणून मी पहिल्यांदा एसटीचं वेळापत्रक मागतो. नॅकची श्रेणी नंतर. मुलींचं वसतिगृह कॉलेजच्या आवारात असेल आणि रेक्टरबाईंना सकाळी साडेपाचला दार उघडायचा कंटाळा नसेल, तर बाकी सगळं कमी असलं तरी चालेल.

मग कॉलेज बघायचं कसं? पालक सकाळी अकराला जातात, ऑफिसात माहितीपत्रक घेतात, ट्रॉफ्यांचं कपाट बघतात, परत येतात. कपाटातल्या ट्रॉफ्यांवरची सालं वाचायला हवीत. पुष्कळदा सगळा पराक्रम एका जुन्या बॅचचा असतो. मी सांगतो, सकाळी साडेसहाला जा. कुणाला न कळवता जा. फाटकाला कुलूप आहे का, बघा. लांब उडीच्या खड्ड्यातली वाळू उकरलेली आहे की त्यात गवत उगवलंय, बघा. कबड्डीची मॅट गुंडाळून कुठे ठेवली आहे आणि तिच्यावर धूळ किती आहे, बघा. मैदानात चार पोरं पळत असतील आणि कडेला एक माणूस घड्याळ हातात घेऊन उभा असेल तर त्याच्याजवळ जाऊन उभे राहा. एखादं पोरगं आलं नसेल तर तो माणूस काय करतो, हे बघा. फोन लावतो का? दुसऱ्या पोराला विचारतो का, की अमका का आला नाही? हे दिसलं तर प्रवेश घ्या. माझ्या सगळ्या नोकरीत या एका कसोटीने मला दगा दिलेला नाही. मोठ्या कॉलेजातही असा माणूस असतो, नाही असं नाही. असला तर तिथे घाला. मी पुण्याचा वैरी नाही.

आणखी एक विचारा. खेळाचा निधी कुठे खर्च होतो आणि बाहेरगावी सामन्याला गेल्यावर पोरांना भत्ता त्याच दिवशी मिळतो की मार्चमध्ये बिलं पास झाल्यावर? आधी पदरमोड करायला लागली की गरीब घरचं पोरगं काहीतरी कारण सांगून संघातून अंग काढून घेतं. ते कारण दुखापतीचं असतं, खरं कारण दोनशे रुपयांचं असतं. विद्यापीठाची कमवा आणि शिका योजना कॉलेजात आहे का आणि तिचे तास सरावाच्या वेळेवर तर येत नाहीत ना, हेही त्याच वेळी विचारून घ्या. कर्मवीरांच्या नावाची ती योजना चांगली आहे, पण सकाळी सहाला झाडांना पाणी घालायला लावली तर धावणाऱ्याची सकाळ गेली.

आता पहिल्या रांगेत बसलेल्या संस्थाचालकांशी दोन शब्द. मी इतका वेळ त्या घड्याळवाल्या माणसावर बोललो. तो माणूस तुमच्याकडे आहे का? अनुदानित कॉलेजांत फिजिकल डायरेक्टरच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या आहेत. शासनाची भरती रखडते, हे खरं. पण जिथे जागा भरलेली आहे तिथेही त्या माणसाकडे शिस्त समिती, निवडणुकीची ड्यूटी, पंधरा ऑगस्टचं संचलन आणि पाहुण्यांच्या जेवणाची व्यवस्था असते. मैदान उरलेल्या वेळात. काही ठिकाणी तर इतिहासाचे प्राध्यापक जिमखान्याची किल्ली सांभाळतात, आणि बिचारे मनापासून सांभाळतात, पण त्यांना चढाई आणि पकड यांतला फरक कळायचा कसा? आपल्या संस्थांनी साखर कारखान्यांच्या जोरावर माळावर इमारती उभ्या केल्या, मेडिकल-इंजिनिअरिंग काढली. एका पूर्णवेळ प्रशिक्षकाचा पगार त्यातल्या एका कमानीच्या खर्चाइतकाही नाही. शासनाची वाट न बघता संस्थेच्या पैशातून तो माणूस नेमा, त्याला दुसरी कामं देऊ नका, आणि तीन वर्षं त्याला पदकांचा आकडा विचारू नका. जूनपासून प्रवेश सुरू होतात. माझ्या ओट्यावर येणाऱ्या बापाला मला तुमच्या कॉलेजचं नाव सांगायचंय; त्यापुढे त्या माणसाचं नाव मला एप्रिलपर्यंत कळवा.